फोनवर गाणं रेकॉर्ड करताना : वाचकांचे प्रश्न

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करण्याविषयी प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात सुचवलं होतं. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांकडे साधनं म्हणून एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हातातला फोन आणि त्याचा आतला माइक. मी पुण्यात नारायण पेठेत ध्वनिमुद्रणाचं काम करते आणि माझं ठाम मत आहे की गाणाऱ्याने सुरुवात याच माइकपासून करावी. पहिलं पत्र सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : माझं वय बावन्न. भावगीतं शिकते आहे. आईला पंचाहत्तरावं लागतंय, तेव्हा तिच्या आवडीची आठ गाणी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून तिला द्यायची आहेत. पण फोनवर गायलं की आवाज लांबून आल्यासारखा, बाथरूममध्ये गायल्यासारखा येतो. क्लासमधली मैत्रीण म्हणते, चार-पाच हजारांचा माइक घे. घेऊ का? आमचं घर कर्वे रस्त्याला लागून, चौथ्या मजल्यावर आहे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, आत्ता घेऊ नका. तुम्ही दोन तक्रारी अगदी नेमक्या लिहिल्या आहेत. आवाज लांबून येतो, कारण फोन लांब आहे. बाथरूममधला वाटतो, तो खोलीमुळे. नवा माइक आणलात तरी तो त्याच खोलीत, तेवढ्याच अंतरावर ठेवला जाणार. शिवाय माइक जितका चांगला तितकी त्याला खोली जास्त ऐकू येते, म्हणजे पैसे घालून बाथरूमच अधिक स्पष्ट होईल.

फोनमधला माइक जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा असतो. सिलिकॉनवर कोरलेला एक पातळ पडदा आवाजाने हलतो आणि त्या हालचालीतून विजेचा संकेत तयार होतो. माणसाचा गाता आवाज तो व्यवस्थित पकडतो. त्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवायच्या. एक म्हणजे त्याची स्वतःची बारीक सूंऽऽ अशी खरखर असते. तुमचा आवाज त्याच्यापर्यंत हळू पोचला की ती वर दिसू लागते. दुसरी म्हणजे तो चहूबाजूंचं सारखंच ऐकतो. पुढ्यात तुम्ही गाताय, मागे फ्रिज घुरघुरतोय, खाली रिक्षा हॉर्न देतेय, यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्याला ठरवता येत नाही. ते आपण ठरवायचं, आणि ते ठरवण्याचं सगळ्यात मोठं साधन अंतर हेच आहे.

फोन तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला की तुमचा थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो. भिंती, फरशी, छत यांवर आपटून येणारा आवाज मात्र जवळपास होता तेवढाच राहतो. आता बहुतेकजण फोन समोरच्या टेबलावर दोन हात लांब ठेवतात. तिथून तो वीतभर अंतरावर आणा. अंतर पावपट झालं, म्हणजे खोलीच्या तुलनेत तुमचा आवाज बारा डेसिबल वर आला. एवढा फरक कुठलंही ॲप नंतर पाडून देऊ शकत नाही. स्टुडिओतल्या बऱ्याच माइकना फार जवळ गेलं की आवाज जाड, घुमलेला होतो. फोनच्या माइकमध्ये तसं होत नाही, त्यामुळे जवळ जायला घाबरू नका.

जवळ गेल्यावर त्रास होतो तो श्वासाचा. भ, फ, प, ख, ध ही अक्षरं वारा घेऊन येतात आणि तो वारा माइकवर आदळला की धप् असा आवाज येतो. तळहात तोंडासमोर धरून 'भ' म्हणा. मग हात हळूहळू बाजूला, हनुवटीच्या कडेला न्या. एका जागी वारा लागायचा बंद होतो. फोन तिथे ठेवायचा. समोर ठेवायचा नाही, तिरका, हनुवटीच्या उंचीला, ओठांच्या कोपऱ्याकडे माइकचं तोंड करून.

माइकचं तोंड म्हणजे कुठलं, हे आधी शोधा. फोनला दोन-तीन भोकं असतात. खाली चार्जिंगच्या शेजारी एक, वरच्या कडेला एक, कधी मागे कॅमेऱ्याजवळ एक. रेकॉर्डिंग सुरू करा, प्रत्येक भोकाजवळ नखाने हळूच खाजवा, आणि ऐका. जिथला आवाज सगळ्यात मोठा आला तो तुमचा माइक. बहुतेक फोनमध्ये तो खालचाच निघतो. कव्हरने ते भोक झाकलं जात असेल तर गाताना कव्हर काढून ठेवा. आत धूळ असेल तर कोरड्या, मऊ ब्रशने बाहेरून झटका. टाचणी कधीही घालू नका, आतला पडदा फाटतो.

फोन हातात धरू नका. बोटांची प्रत्येक हालचाल रेकॉर्ड होते. टेबलावर आडवाही ठेवू नका; टेबलाच्या पृष्ठभागावरून उडालेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि सूर पोकळ होतो. पुस्तकांची चळत, तिच्यावर घडी घातलेला टॉवेल, आणि टॉवेलवर फोन कडेपर्यंत आणून ठेवलेला, माइकचं भोक मोकळं. मांडी घालून गात असाल तर पाटावर हीच मांडणी करा.

आता खोली. दिवाणखाना आधी रद्द करा. आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला सरकती काच, टीव्हीमागची कोरी भिंत. गाण्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. घरभर फिरा आणि प्रत्येक खोलीत एकदा टाळी वाजवा. टाळीमागे ट्रिंऽऽ असा शेपटासारखा आवाज राहिला तर ती खोली नको. टाळी जागच्या जागी संपली तर तिथे गा. जवळजवळ प्रत्येक घरात ही जागा म्हणजे कपड्यांचं कपाट असलेली आतली खोली असते. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडा. आईच्या, तुमच्या साड्या असतील तर उत्तमच, जाड घड्यांचे थर आवाज पितात. कपाटाकडे तोंड करून बसा, फोन तुमच्या आणि कपड्यांच्या मध्ये. पाठीमागच्या दारावर गोधडी टांगा, खाली सतरंजी किंवा दुसरी गोधडी. समोरासमोर दोन कोऱ्या भिंती असतील तर एकीला गादी उभी टेकवा. खोलीचा कोपरा टाळा, आणि अगदी मध्यही टाळा. पातळ चादर आणि नायलॉनचे पडदे फारसं काही करत नाहीत. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो नम्रपणे सोडून द्या.

गोधडी खोलीतला घुमारा कमी करते, बाहेरचा आवाज अडवत नाही, हे मात्र नीट समजून घ्या. कर्वे रस्त्यावरची वाहनं आणि मेट्रो गोधडीने थांबणार नाहीत. त्याला उपाय दोनच. रस्त्यापासून सगळ्यात लांबची खोली, आणि वेळ. पहाटे साडेपाच-सहाला रस्ता शांत असतो, पण गळा तयार नसतो आणि शेजारी झोपलेले असतात. तुमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जात असेल तर त्या वेळेचा मनापासून उपयोग करा. वरच्या मजल्यावरचा पंप, शेजारचा मिक्सर, घरोघरचे पंखे सगळे एकदम थांबतात. फोन आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा आणि सोसायटीचा जनरेटर कुठल्या बाजूला लागतो ते पाहून खोली निवडा. इतर दिवशी पंखा बंद, फ्रिज तेवढ्या गाण्यापुरता बंद, आणि फोन एअरप्लेन मोडवर. (फ्रिज परत सुरू करायची आठवण म्हणून कुणी घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतं. बाहेर पडताना आठवण होतेच.)

एवढं झालं की गाण्यातली सर्वांत वरची, सर्वांत जोराची ओळ आधी गाऊन बघा. ॲपमध्ये आवाजाचा जोर दाखवणारी पट्टी दिसत असेल तर त्या ओळीला ती उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान पोचावी, शून्याला टेकू नये. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला परत शिवता येत नाही. ती ओळ येईल तेव्हा मान किंचित मागे घ्या, अर्धी वीत पुरते. मंचावर गाणारे हे सवयीने करतात.

आणि ताई, गाणं तुकड्यातुकड्यांत रेकॉर्ड करू नका. सबंध गा, तीनदा गा, आणि त्यातलं एक निवडा. एखादा स्वर किंचित उतरला म्हणून अख्खं गाणं टाकून देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुधा त्याच फेरीत शब्द सर्वांत छान आलेले असतात. वरून घुमारा घालण्याचं बटण बऱ्याच ॲपमध्ये असतं, ते अगदी थोडं वापरा. तुमची आई तुमचा आवाज ओळखते. तिला तोच ऐकू द्या.

प्रश्न : मी ख्याल शिकतो. सरांना दाखवायला रोजचा रियाज अँड्रॉइड फोनवर रेकॉर्ड करतो. आलाप बरा येतो, पण तार सप्तकात गेलो की आवाज कुणी मागे खेचल्यासारखा होतो. तानपुरा तर मध्येच नाहीसा होतो आणि मी गायला लागलो की परत येतो. फोन बिघडलाय का?
— एक विद्यार्थी, चिंचवड

उत्तर : फोन बिघडलेला नाही. तो माणसाच्या बोलण्यासाठी तयार केलेला आहे आणि तुझं गाणं तो बोलणं समजून ऐकतोय.

फोनवर बोलताना आपण कधी पुटपुटतो, कधी ओरडतो. समोरच्याला दोन्ही सारखं ऐकू यावं म्हणून फोन हळू आवाज आपोआप उचलतो आणि मोठा दाबतो. गाण्यात याने घात होतो, कारण मंद्रातून तारेकडे जाताना जो जोर वाढतो तो गाण्याचा भाग असतो. तोच पुसला जातो. तानपुऱ्याचं कारण वेगळं. सतत, एकसारखा चालू असलेला आवाज म्हणजे पंखा किंवा इंजिन, असं फोनचं गणित सांगतं आणि तो वजा केला जातो. तानपुरा अखंड एकसारखाच तर वाजतो! म्हणून तू थांबलास की फोन त्याला पंखा समजून पुसतो, आणि तू गायला लागलास की दार परत उघडतं.

खात्री करायची असेल तर तानपुरा लावून एक मिनिटभर गप्प बस आणि रेकॉर्ड कर. काही सेकंदांत तानपुरा विरत गेला तर आवाज गाळण्याची सोय चालू आहे. मग एक मोठा 'सा' लाव आणि एकदम थांब. थांबल्यावर खोलीची सूंऽऽ हळूहळू वर चढताना ऐकू आली तर आपोआप कमी-जास्त करण्याची सोयही चालू आहे.

आता रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जा. 'नॉइज रिडक्शन', 'ऑटो गेन', 'व्हॉइस एन्हान्स' अशा नावांचं जे काही असेल ते बंद कर. सॅमसंगच्या रेकॉर्डरमध्ये 'स्टँडर्ड' निवड, 'इंटरव्ह्यू' किंवा 'स्पीच टू टेक्स्ट' नको. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, कुठलीही प्रक्रिया न केलेला माइकचा आवाज ॲपला देण्याची सोय आहे. सगळ्या कंपन्या ती पुरवत नाहीत, पण काही रेकॉर्डर ॲपमध्ये 'अनप्रोसेस्ड' किंवा 'रॉ' असा पर्याय दिसतो. दिसला तर तोच घे. नसेल तर 'व्हॉइस रेकग्निशन' हा पर्याय करून बघ. मशीनला शब्द ओळखायला मूळ आवाज लागतो म्हणून तिथे ढवळाढवळ सहसा कमी असते. एवढं करून सेटिंग सापडलंच नाही तर वरची चाचणी दोन-तीन वेगवेगळ्या ॲपवर घेऊन बघ. त्याच फोनवर एका ॲपमध्ये तानपुरा बुडतो आणि दुसऱ्यात तरतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

तानपुरा ॲपवर वाजवत असशील तर तो दुसऱ्या फोनवर वाजव, आणि तो फोन आपल्या मागे ठेव. पुढ्यात ठेवलास तर त्याच्या छोट्या स्पीकरची टिणटिण तुझ्या आवाजाच्या बरोबरीने येते.

सरांकडे ऑनलाइन शिकतही असशील तर हेच सगळं तिथे लागू होतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' म्हणून एक सोय आहे, ती चालू कर. कधी आयफोनवरून शिकत असशील तर कॉल चालू असताना माइकचा प्रकार निवडता येतो, तिथे 'व्हॉइस आयसोलेशन' काढून 'वाइड स्पेक्ट्रम' निवड. सरांना तुझ्या मागचा तानपुरा ऐकू आला नाही तर सुरातलं नेमकं काय चुकतंय ते त्यांनी कशावरून सांगायचं?

प्रश्न : मी निवृत्त आहे. आमचा दहा-बारा जणांचा कराओके गायनाचा ग्रुप आहे. घरी ब्लूटूथ इअरफोन लावून ट्रॅक ऐकत गातो आणि फोनवर रेकॉर्ड करतो. ऐकताना मी ट्रॅकच्या मागे पडलेला असतो. गाताना मात्र लय बरोबर वाटते. वयामुळे होतं का हे?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : काका, वयाचा काही संबंध नाही, तुमची लय शाबूत आहे. ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत पोचायला साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. म्हणजे अडीचशेचा उशीर झाला तर ट्रॅक तुमच्यापर्यंत अर्धी मात्रा उशिरा येतो. तुम्ही त्याच्याबरोबर चोख गाता, आणि फोन तेवढंच मागे लिहून ठेवतो.

दुसरी गोष्टही तपासा. काही ॲप ब्लूटूथ जोडलं की फोनचा माइक सोडून इअरफोनचा माइक वापरतात. तसं झालं तर आवाज साध्या फोन कॉलसारखा चपटा येतो, वरचे सगळे बारकावे जातात.

तेव्हा वायरचा इअरफोन घ्या. तोही बघून. पिनेवर तीन पट्टे असतील तर त्याला माइक आहे आणि फोन तोच माइक धरेल, जो तुमच्या छातीवर शर्टाला घासत असतो. दोन पट्ट्यांचा, माइक नसलेला साधा इअरफोन तापकीर गल्लीच्या बाजूला आजही मिळतो. तो लावला की फोन आपलाच माइक वापरत राहतो. ज्या फोनला गोल पिनेची जागाच नाही, त्यांच्यासाठी सर्वांत सोपी रीत दोन फोनची. घरात दुसरा, जुना फोन असतोच. जुन्यावर ट्रॅक लावून इअरफोनने ऐकायचा, नव्यावर गायचं. दोन्हींची सांगड घालायला ट्रॅक सुरू होताना कानातलं एक बोंडूक काढून नव्या फोनच्या माइकला टेकवा, पहिले दोन-चार ठेके त्यात उमटू द्या, मग परत कानात घाला. नंतर गॅरेजबँड किंवा बँडलॅबसारख्या मोफत ॲपमध्ये ट्रॅक आणि तुमचा आवाज एकावर एक ठेवून ते ठेके जुळवले की गाणं जागेवर बसतं. ब्लूटूथचा उशीरसुद्धा या युक्तीने आपोआप निघून जातो.

एक कान मोकळा ठेवून गायची सवय असेल तर ठेवा, सूर त्याने चांगला राहतो. मात्र कानातला ट्रॅक हळू ठेवा, नाहीतर तो मोकळ्या बोंडकातून माइकमध्ये शिरतो.

प्रश्न : स्पर्धेच्या संयोजकांनी 'वेव्ह फाइल' मागितली आहे. मी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर चालेल ना?
— एक वाचक, सातारा रस्ता

उत्तर : व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, तो बोलण्यापुरता आवळलेला असतो. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडलीत तर जशीच्या तशी जाते. मूळ रेकॉर्डिंगच वेव्हमध्ये, म्हणजे न आवळलेल्या फाइलमध्ये, हवं. एमपी थ्रीची नंतर वेव्ह केल्याने गेलेलं काही परत येत नाही. रेकॉर्डरमध्ये ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, मोनो निवडा. ४४.१ ला, सोळा बिटमध्ये, मिनिटाला साधारण सव्वापाच एमबी लागतात, तेव्हा पाच मिनिटांचं गाणं सव्वीस-सत्तावीस एमबीत बसेल. आयफोनचा व्हॉइस मेमो वेव्ह देत नाही, पण सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटी 'लॉसलेस' करता येते; त्या फाइलची वेव्ह केली तर काही गमावत नाही.

प्रश्न : गाताना कॉलर माइक लावावा का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : बोलायला उत्तम. गाताना मान वळते, छाती घुमते, साडी-कुर्ता घासतो. फोन पुस्तकांच्या चळतीवरच बरा.

प्रश्न : आमच्या घरी महिन्यातून एकदा छोटी बैठक होते. गाणारी एक, तबला, पेटी आणि तानपुरा. फोन एकच आहे. तबला नेहमी गाण्याच्या वर येतो. नंतर ॲपमध्ये तबला कमी करता येईल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : एकाच माइकमध्ये मिसळलेलं चांगलं वेगळं होत नाही. हल्ली आवाज वेगळे करणारी ॲप निघाली आहेत, पण तबल्याच्या घुमाऱ्याबरोबर गाण्यातलाही काही भाग कापला जातो. त्यापेक्षा गाणं सुरू होण्याआधी दहा मिनिटं द्या आणि माणसं हलवा.

हे आपल्याकडे फार जुनं शास्त्र आहे. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांनी रेकॉर्ड गायली तेव्हा माइक नव्हताच. एक मोठा कर्णा होता आणि त्याच्या टोकाला सुई. आवाजाच्या जोरानेच सुई मेणावर रेघ ओढायची. गाणाऱ्याला कर्ण्याच्या तोंडाशी बसावं लागे, साथीदार मागे, आणि कोण किती मागे यावरच सगळा तोल ठरे. रेकॉर्डिंगसाठी विजेवर चालणारे माइक १९२५ पासून वापरात आले, पण एका माइकसमोर बसायचं असेल तर नियम अजून तोच आहे.

फोन गाणाऱ्याच्या समोर, सव्वा ते दीड हातावर, छातीच्या उंचीला ठेवा. इथे वीतभर अंतर चालणार नाही, बैठक एकत्र ऐकू यायला हवी. तबला फोनपासून गाणाऱ्यापेक्षा दुप्पट लांब बसवा. तेवढ्याने तो सहा डेसिबलने खाली येतो. तबलजींना अगदी पाठीमागे बसवू नका, गायिकेशी नजरानजर हवी. तिरके, थोडे मागे. पेटीचा रोख थेट फोनकडे राहू नये, ती जरा वळवून घ्या. तानपुरा मागेच. मग दोन मिनिटं सगळ्यांनी एकत्र वाजवायचं, ऐकायचं, आणि ज्याचं जास्त येतंय त्याची सतरंजी वीतभर मागे ओढायची. बटणं न फिरवता, चादरी सरकवून तोल साधतो, हे मला आजही फार आवडतं. वाड्यात लाकडी तुळया, मातीच्या भिंती आणि गालिचा असेल तर अशा बैठका फोनवरही सुरेख येतात.

प्रश्न : आमचं घर नदीपात्राजवळ आहे. जूनपासून गणपतीपर्यंत रोज संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव चालतो. मला नोकरीमुळे संध्याकाळीच वेळ मिळतो. ढोलाचा आवाज नंतर काढायची काही युक्ती?
— एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : नाही. यात खोटी आशा दाखवायची नाही. ढोलाचा खालचा घुमारा भिंतीतून, खिडकीच्या चौकटीतून आत येतो, गोधडी त्याला जुमानत नाही, आणि तो सतत बदलत असल्यामुळे नंतर पुसताही येत नाही.

पुसता येतं ते एकसारखं, न बदलणारं. पंखा, एसी, लांबच्या रस्त्याची गाज. त्यासाठी प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला काही न बोलता पाच सेकंद बसा. संगणकावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या. ती रिकामी पाच सेकंदं निवडून त्याला 'नमुना' म्हणून दाखवा, मग सगळ्या गाण्यातून तेवढा आवाज उतरवा. सहा ते बारा डेसिबल उतरवा, जास्त नको. जास्त केलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो आणि शब्दांच्या शेवटचे श्वास कापले जातात.

एक गोष्ट मात्र नेहमीच करून घ्या, ती म्हणजे खालचा कट, 'लो कट' किंवा 'हाय पास', म्हणजे ठरावीक आकड्याखालचा जाड आवाज गाळणारी सोय. ८० हर्ट्झवर लावा. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास असतो आणि मंद्र षड्जाला उतरलात तरी १०४. काळी एकमधल्या पुरुषाचा मंद्र पंचमही १०४ च्याच जवळ येतो. म्हणजे ८० च्या खाली तुमचं काही नसतं. असतो तो बस-ट्रकचा थरथराट, पंपाची घरघर आणि ढोलाचा तळ. खर्ज साधणारे असाल तर कट ६० वर आणा. ढोल यानेही जाणार नाही, कारण त्याच्या काठीचा आणि ताशाचा आवाज पार वरपर्यंत असतो.

तेव्हा जून ते गणपती हे तीन महिने संध्याकाळी रियाज करा, रेकॉर्ड करू नका. रविवारी सकाळी, पथकं जमण्याच्या आधी, सात ते नऊ ही वेळ धरा. आदल्या रात्रीच कपाट, गोधडी, पुस्तकांची चळत लावून ठेवा, म्हणजे सकाळचे दोन तास मांडामांडीत जाणार नाहीत. एका सकाळी दोन गाणी होतील, तीनचा हट्ट धरू नका.